विमान डोक्यावर आणि स्कॅनरमध्ये नुसती घरघर

"दादा, काहीच आयकू येत नही, नुसतं घरघर करस." विमानांचं बोलणं ऐकायच्या स्कॅनरबद्दल (एकेक फ्रिक्वेन्सी चाळत ऐकणारा रेडिओ सेट) असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, घरात लाईट आहे का? असेल तर मेन स्विच पाडायचा, सेट बॅटरीवर लावायचा आणि मग मला पुन्हा फोन करायचा. बरेच जण पुन्हा फोन करतात तेव्हा आवाजातच आनंद असतो, कारण मेन स्विच पडल्याबरोबर वैमानिकाचा आवाज स्वच्छ आलेला असतो. सेट ठणठणीत होता. घरातलीच कुठली तरी वस्तू त्याच्या कानात ओरडत होती.

मी परवानाधारक हौशी रेडिओवाला आहे. माझ्याकडे येणारे संच दोन प्रकारच्या लोकांचे असतात. एक आमचे हौशी मित्र. दुसरी धुळे, शिरपूर, जळगावच्या धावपट्ट्यांवर विमान शिकणारी मुलं, ज्यांना विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या, म्हणजे आरटीआरच्या परीक्षेसाठी कान तयार करायचा असतो. दोघांचीही तक्रार एकच आणि कारणंही फिरून फिरून तीच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे असे रेडिओ संच बाळगायला आणि ऐकायला परवानगी लागते, आणि दुसऱ्यासाठी असलेला संदेश परवानगीशिवाय अडवून ऐकणं २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे पोलीस, रेल्वे सुरक्षा किंवा कुठल्याही बंदोबस्ताचं बोलणं ऐकू येत नाही ही तक्रार माझ्याकडे आणू नका, त्यात मी मदत करत नाही. त्यांचे बरेच संच आता डिजिटल आहेत. साध्या स्कॅनरवर ते चक्कीसारखे घुरघुरतात. तो तुमच्या सेटचा बिघाड नाही, पुढे निघून जा. विमानांचं बोलणंही रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. ज्याला या गोष्टीची खरी ओढ आहे त्याने हौशी परवान्याची परीक्षा द्यावी. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं मूलही ती देऊ शकतं.

आता लक्षणं. आपलं लक्षण यात कुठे बसतं ते आधी ठरवा, कारण त्यावरून निम्मं काम संपतं.

सतत भुणभुण किंवा घरघर, आणि वीज गेली की ती गायब होते: हे घरातलं किंवा गावातलं विजेचं उपकरण. घड्याळासारखं टक्-टक्, साधारण सेकंदाला एक: शेताच्या कुंपणाचं झटका मशीन. विमानांच्या जागी गाणी किंवा जाहिराती फाटक्या आवाजात: जवळचं एफएम केंद्र. आवाज येतो पण तोंडात घास असल्यासारखा, शब्द कळत नाही: मोड, म्हणजे आवाज लहरींवर चढवण्याची एएम किंवा एफएम पद्धत, चुकला आहे. विमान ऐकू येतं पण विमानतळाचा टॉवर येत नाही: बिघाड नाहीच, ते भूगोलाचं काम आहे. दोन माणसं एकदम बोलली आणि मध्ये शिट्टी वाजली: हाही बिघाड नाही. विमानात एएम वापरतात, आणि एएममध्ये दोघांचे सिग्नल एकमेकांवर चढले तर दोघांचीही चाहूल लागते. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला पार दाबून टाकतो. दाबला गेलेला वैमानिक कुणाला कळलाच नाही तर काय होईल याचा विचार करा, म्हणजे एएम अजून का टिकून आहे ते लक्षात येईल.

आणि शेवटचं लक्षण, कशानेच काही होत नाही, अँटेना लावली काय आणि काढली काय, फरकच पडत नाही. हे सगळ्यात वाईट. त्याकडे शेवटी येऊ.

बिनखर्चाचं आधी

मोड बघा. विमानांचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, आणि तिथे एएम लागतं. कुणी सेट रीसेट केला की बरेच संच परत एफएमवर जाऊन बसतात. नेटवरून मागवलेल्या स्वस्त हातसंचांपैकी कितीतरी संचांना एएम ऐकताच येत नाही. डब्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा माहितीपुस्तिकेत 'एएम रिसीव्ह' आहे का ते बघा. नसेल तर ती सेटची मर्यादा आहे, कितीही अँटेना बदलली तरी तो सुधारणार नाही. अशा संचाला बोलायचं बटण असेल तर ते लॉक करून ठेवा. या पट्ट्यात चुकूनसुद्धा बटण दाबलं जाता कामा नये. १२१.५ ही तर संकटकाळची फ्रिक्वेन्सी आहे.

मग स्क्वेल्च, म्हणजे क्षीण आवाज बंद ठेवणारं बटण. पूर्ण उघडा, म्हणजे सूं असा आवाज यायला लागेल. आता हळूहळू फिरवत तो आवाज जिथे जेमतेम बंद होतो तिथे थांबा. लोक घरघरीला कंटाळून स्क्वेल्च वर चढवतात, घरघर थांबते आणि तिच्याबरोबर दूरचं विमानही थांबतं. मग म्हणतात सेट मुका झाला. अटेन्युएटर (सिग्नल मंद करणारी सोय) चालू राहिलाय का, तो चॅनल लॉकआउट झालाय, म्हणजे चाळताना वगळला जातोय का, एका फ्रिक्वेन्सीवरून पुढच्यावर जायची पायरी २५ किलोहर्ट्झची आहे का, हेही याच बैठकीत बघून घ्या.

सेल बदला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. काही संचांना हा फरक सोसत नाही. आणि चार्जर लावून कधीच तपासणी करू नका, चार्जर हा स्वतःच एक संशयित आहे.

ऐकण्यासारखं काही आहे का?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि अख्खा रविवार वाया घालवतात. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. हिशेब सोपा आहे: दोन्ही टोकांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, त्यांची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, म्हणजे किलोमीटर मिळतात. तुमची अँटेना गच्चीवर ९ मीटरला आणि टॉवरची अँटेना १५ मीटरला असेल तर साधारण २८ किलोमीटर. म्हणजे धुळ्यात बसून जळगावचा टॉवर ऐकू येत नाही यात दुःख करण्यासारखं काही नाही. पण ३,००० फुटांवर गिरक्या घेणारं शिकाऊ विमान त्याच गच्चीवरून कागदावर सुमारे १३७ किलोमीटरपर्यंत पोचतं, आणि ३५,००० फुटांवरचं मोठं विमान ४०० किलोमीटरच्या पुढे. मधे सातपुडा किंवा अजिंठ्याची रांग आली की खालची विमानं कापली जातात. यावल-चोपड्याकडे डोंगराच्या पायथ्याला घर असेल तर उत्तरेकडून फार अपेक्षा ठेवू नका.

म्हणून तपासणी करायची ती विमान डोळ्यांना दिसत असताना. मोबाईलवर विमानांचा नकाशा उघडा, मुंबईहून उत्तरेला किंवा पूर्वेला निघालेलं एखादं तापीच्या खोऱ्यावर आलं की कान लावा. फ्रिक्वेन्सी कुणाच्या जुन्या वहीतून घेऊ नका. भारतीय विमानतळ प्राधिकरण आपलं एआयपी, म्हणजे वैमानिकांसाठीचं अधिकृत माहितीपुस्तक, नेटवर मोफत ठेवतं, ताजे आकडे तिथे मिळतात.

मेन स्विचची परीक्षा

हीच खरी परीक्षा. स्क्वेल्च उघडा ठेवा, मोड एएम, सेट सेलवर. कुणी विमान बोलत नसेल अशा फ्रिक्वेन्सीवर थांबून आवाज ऐका. आता घरातला मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर परीक्षा खोटी ठरते. कितीतरी जण इथेच फसतात. मेन पाडला, इन्व्हर्टर मागे गुणगुणत राहिला, आणि निष्कर्ष काढला की गडबड बाहेरची आहे.

घरघर गेली? मग चोर घरात आहे. मेन परत चढवा आणि एकेक एमसीबी, मग एकेक वस्तू. बहुतेक वेळा सापडतात ते एलईडी बल्ब आणि ट्यूब, त्यातही बिनानावाचे. मग मोबाईलचे चार्जर, डिशचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा अडॅप्टर. या सगळ्यांत विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करणारं सर्किट असतं, आणि त्या तुकड्यांची किरकिर वायरीवरून सगळ्या घरात पसरते. चांगल्या वस्तूत ती गाळणारे दोन-तीन सुटे भाग असतात, स्वस्तात तेच वगळलेले असतात. दोषी सापडला की तो बदला. बदलता येत नसेल तर त्याच्या वायरीवर फेराइटचा, म्हणजे किरकिर अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय पदार्थाचा क्लिप बसवा, वस्तूच्या अगदी तोंडाशी. लांब बसवला तर मधली वायर अँटेनाचं काम करत राहते.

इथे माझा एक आग्रह आहे: बूस्टर घेऊ नका. बूस्टरला विमान आणि एलईडी यांतला फरक कळत नाही, तो दोघांनाही मोठं करतो. पैसे गेले आणि घरघर वाढली, अशी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचं खरोखर वाईट वाटतं.

अँटेना आणि केबल

मेन पाडूनही विमान येत नसेल, घरघरही नसेल आणि नुसती क्षीण सूं असेल, तर आता वर चढा. पण आधी सेटची स्वतःची दांडी लावून गच्चीवर जाऊन ऐका. तिच्यावर चांगलं येत असेल आणि मोठ्या अँटेनावर येत नसेल तर दोष केबलचा, सेटचा नाही. हे एका मिनिटात कळतं आणि एक पैसा लागत नाही.

मल्टिमीटर घ्या. केबल दोन्ही बाजूंनी सोडवा. मधल्या तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ शून्य ओहम यायला हवं, तिच्याभोवतीच्या तारांच्या जाळीचंही तसंच, आणि मधली तार ते जाळी यांच्यात जोडच दिसायला नको. दिसला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे किंवा पाणी आहे. केबल अँटेनाला जोडलेली ठेवून मोजलंत तर घाबरू नका, काही अँटेना बांधणीनेच शॉर्ट दाखवतात.

खान्देशात केबल मरते ती उन्हाने. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पीव्हीसी टेपचा गोंद पातळ होऊन वाहतो, टेप सैल पडते आणि जूनच्या पहिल्याच पावसात पाणी कनेक्टरमधून जाळीत शिरतं. जाळी ते पाणी दिव्याच्या वातीसारखं पुढे ओढते. कनेक्टर कापा, आणखी एक फूट आत सोलून बघा. तांबं चकचकीत असेल तर नवा कनेक्टर लावा. काळं पडलं असेल तर केबलची माया सोडा, नवीन टाका. सांध्यावर स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप लावा आणि सेटकडे केबल शिरण्याआधी खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. खारी आणि माकडं जिथे फार आहेत तिथे केबल पाईपातून न्या.

केबल कोणती, हा प्रश्न हमखास येतो. बारीक आरजी-५८ ची २० मीटर लांबी या फ्रिक्वेन्सीला निम्म्याहून जास्त सिग्नल खाऊन टाकते. फक्त ऐकायचं असेल तर डिशवाल्याची आरजी-६ तिच्यापेक्षा बरी, आणि ती तालुक्याच्या गावातही मिळते. ती ७५ ओहमची आहे, तुमचा सेट ५० चा, पण या फरकाने होणारं नुकसान केबलच्या लांबीने होणाऱ्या नुकसानापुढे किरकोळ आहे. अँटेनाही घरी होते: उभी दांडी सुमारे ५६ सेंटिमीटर, खाली तेवढ्याच चार तिरक्या दांड्या. दांडी उभीच हवी, कारण विमानांचे सिग्नल उभे असतात.

गाणी ऐकू येत असतील तर

एफएम केंद्रं ८८ ते १०८ मध्ये, विमानं ११८ पासून, म्हणजे शेजारीच. १०.७ मेगाहर्ट्झची आयएफ (सेट आलेला सिग्नल आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) वापरणाऱ्या काही सेटमध्ये ११९.४ लावलं की ९८.० वरचं केंद्रही घुसतं, कारण दोघांत बरोबर २१.४ चं अंतर आहे, आयएफच्या दुप्पट. अटेन्युएटर लावून बघा. गाणं पार नाहीसं झालं आणि विमान राहिलं तर सेट जोरदार सिग्नलने गुदमरत होता. दोन्ही सारखीच मंद झाली तर हा वरचा प्रकार. उपाय दोन्हींवर एकच, एफएम पट्टा अडवणारा छोटा फिल्टर, अँटेना आणि सेट यांच्या मधे.

चोर घराबाहेर असेल तर

मेन पाडला, इन्व्हर्टर बंद, तरी घरघर तशीच. आता गावाची वीज जाण्याची वाट बघा. भारनियमन ही आपली डोकेदुखी आहे, पण रेडिओवाल्याला त्या तासाभरात जे कळतं ते कुठल्याही यंत्राने कळत नाही. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाला येणारी विजेची लाईन, बंद झाल्यावर सगळं शांत झालं तर कारण त्याच फीडरवर आहे. एक वही ठेवा आणि वेळ लिहा. शेतीची थ्री फेज आली की आवाज सुरू होतो? सूर्य वर आला की सुरू, ढग आला की बदलतो, संध्याकाळी बंद? मग जवळच्या सौर पंपाच्या कंट्रोलरकडे बघा. पाऊस पडला की जातो आणि दोन दिवस ऊन पडलं की परत येतो? मग तो तारांवरचा, एखाद्या खांबावर सैल झालेल्या जोडातली ठिणगी. पाण्याने ती फट बुजते, वाळली की पुन्हा उघडते.

शोधायला साधा मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर घ्या, केंद्र नसलेल्या जागी लावा आणि चालत निघा. त्याच्या आत अँटेनाची फेराइटची आडवी कांडी असते. सेट फिरवला की एका दिशेला आवाज पडतो. ज्या बाजूला तो सगळ्यात बारीक होतो, तिथे कांडीचं टोक चोराकडे असतं. ओळ मनात ठेवा, पन्नास पावलं बाजूला जाऊन परत फिरवा. दोन ओळी जिथे मिळतात तिकडे जा. जवळ आलात की स्कॅनर काढा आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऐका. जितक्या वरपर्यंत घरघर ऐकू येते तितके तुम्ही जवळ. मध्यम लहरींवर ती तारेवरून किलोमीटरभर वाहते, वर मात्र खांबाजवळच सापडते.

रावेरकडे एका केळीवाल्या नानांच्या पुतण्याचा सेट टक्-टक् करत होता. तीन संध्याकाळी आम्ही फिरलो. शेवटी बांधावर रानडुकरांसाठी लावलेल्या झटक्याच्या तारेला ओलं गवत टेकलेलं सापडलं, आणि अंधारात तिथे सेकंदा-सेकंदाला निळी ठिणगी दिसत होती. नानांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पुतण्याच्या छंदासाठी बांध कोण साफ करणार? मग लक्षात आलं की त्या ठिणगीतून झटक्याची ताकद जमिनीत चालली होती आणि पुढच्या वळणावर कुंपण जवळजवळ मेलेलं होतं. मशीन बंद करून गवत कापलं, फुटलेला एक इन्सुलेटर बदलला. दोघांचंही काम झालं. शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी त्याचा काय तोटा होतोय ते दाखवा, लोक ऐकतात.

इथे थांबा

मघाशी राहिलेलं लक्षण: अँटेना लावली-काढली तरी सूं मध्ये काही फरक नाही, दुसरा सेट त्याच केबलवर नीट चालतो, आणि हे सगळं वळवाच्या गडगडाटानंतर सुरू झालं. मग अँटेनाकडून आलेला सिग्नल घेणारा सेटमधला पहिलाच भाग गेला आहे. त्यासाठी वीज अंगावरच पडावी लागते असं नाही, जवळ पडली तरी पुरते. तिथले सुटे भाग बोटाच्या नखापेक्षा लहान असतात, घरच्या इस्त्रीसारख्या सोल्डरिंगने शेजारचे दोन आणखी जातात. सेट उघडू नका, संचार उपकरणं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे द्या. त्याला नुसतं "चालत नाही" सांगू नका. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कोणत्या मोडवर, कधीपासून आणि वरच्या कोणत्या तपासण्या केल्या ते कागदावर लिहून द्या, त्याचे दोन तास वाचतात. वैशाखापासून आकाशात काळं दिसलं की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकायची सवय लावा, आणि गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायला जाऊ नका. गच्चीवरच्या खांबाचं अर्थिंग हे परवानाधारक वायरमनचं काम आहे.

गच्चीवरून ११ केव्हीची तार जात असेल तर तिथे अँटेनाचा पाईप उभा करायचाच नाही. पाईप पडला तर कुठवर पोचेल ते मोजा, तार त्या टप्प्यात असेल तर जागा बदला.

आणि चोर खांबावर किंवा डीपीत सापडला तर तुमचं काम तिथे संपलं. खांबाला काठी मारून आवाज बदलतो का बघायचं, खांबाची ताणाची तार हलवायची, डीपीचं दार उघडायचं, असलं काही करू नका. लांब उभे राहा. खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घ्या, दिवस आणि वेळ लिहा, पाऊस पडल्यावर आवाज जातो की नाही ते लिहा, आणि तो कागद वीज कंपनीच्या उपकेंद्रात लेखी तक्रार म्हणून देऊन पोच घ्या. एकाच खांबाचा क्रमांक हातात असला की लाईनमन थेट तिथे शिडी लावतो.